गुत्त्यातली एक ओळ आणि राजद्रोहाचा खटला, न्यूअर्क १७९८ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा इतिहास शिकवताना मी सुरुवात नेहमी ल्यूथर बाल्डविनपासून करते. मोठ्या संपादकांचे आणि पुढाऱ्यांचे खटले सगळ्यांना ठाऊक असतात. दारूच्या दुकानात एक वाक्य बोलला म्हणून दंड भरावा लागलेला हा माणूस मात्र पाठ्यपुस्तकात तळटीपेपुरता येतो. तास संपला की मुलं प्रश्न विचारतात, नंतर पालक आणि वाचकही विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नेमकं घडलं काय?

२७ जुलै १७९८. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ऍडम्स राजधानी फिलाडेल्फियाहून मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या घरी निघाले होते. वाटेत न्यू जर्सी राज्यातलं न्यूअर्क हे गाव लागलं. स्वागताची जय्यत तयारी होती. लोक रस्त्याच्या कडेला जमले होते आणि सलामीच्या तोफा सज्ज होत्या. राष्ट्राध्यक्षांची गाडी पुढे गेली आणि तोफा धडाडल्या.

त्याच सुमारास ल्यूथर बाल्डविन जॉन बर्नेटच्या दारूच्या दुकानाकडे, म्हणजे ‘ड्रॅम शॉप’कडे आला. थोडी चढलेलीच होती. तिथे कुणीतरी म्हणालं, ‘राष्ट्राध्यक्ष चालले, आणि हे त्यांच्या ढुंगणावर तोफा डागतायत.’ बाल्डविन म्हणाला, ‘ढुंगणातून आरपार डागल्या तरी मला काय त्याचं!’ दुकानदार ओरडला, ‘हा राजद्रोह आहे!’ लोक गोळा झाले. बाल्डविन आणि त्याच्यासोबतचा ब्राउन क्लार्क यांच्यावर राष्ट्राध्यक्ष आणि सरकार यांची बदनामी करणारे राजद्रोही शब्द बोलल्याचा आरोप ठेवण्यात आला. शेवट काय झाला ते प्रश्न ११ मध्ये आहे.

तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी तो शब्द पूर्ण छापला नाही. पहिलं अक्षर छापलं आणि पुढे रेघ ओढली. वाचणाऱ्याला कळायचं ते कळलंच.

२. टॅव्हर्न म्हणजे आपला बार का? आणि हे ‘ड्रॅम शॉप’ काय असतं?

बार म्हटलं तर टॅव्हर्नमधल्या निम्म्या गोष्टी बाहेर राहतात. त्या काळातली टॅव्हर्न म्हणजे खाणावळ, मुक्कामाची जागा, टपाल येण्याचं ठिकाण आणि गावाची चावडी, सगळं एका छपराखाली. परवाना घेऊन चालवायची. वर्तमानपत्र एकच यायचं, ते कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि वाचता न येणारेही त्यावर मत द्यायचे. काही गावांत कोर्टसुद्धा टॅव्हर्नच्या मोठ्या खोलीत बसायचं. म्हणजे राजकारण जिथे बोललं जायचं, तिथेच दारू ओतली जायची.

प्यायला काय मिळायचं? रम, पंच आणि सफरचंदाची सायडर. न्यूअर्कची सायडर तर तेव्हा नावाजलेली होती. थंडीत ‘फ्लिप’ चालायचं. बिअरमध्ये रम आणि साखर घालायची, शेगडीत लाल होईपर्यंत तापवलेली लोखंडी सळई मगात बुडवायची, की चर्र आवाज होऊन फेस वर यायचा आणि त्याला जळक्या साखरेचा कडवट वास यायचा.

ड्रॅम शॉप हे टॅव्हर्नचं छोटं भावंड. ड्रॅम म्हणजे कडक दारूचा एक घोट. मुक्काम नाही, जेवण नाही. उभ्या उभ्या घोट मारायचा आणि निघायचं. आपला ‘गुत्ता’ हा शब्द याला टॅव्हर्नपेक्षा जास्त शोभतो. अमेरिकी कायद्यात हा शब्द अजून जिवंत आहे. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला आणखी दारू विकली आणि त्याने पुढे कुणाला इजा केली, तर विकणाऱ्यालाही जबाबदार धरणाऱ्या कायद्यांना तिथे ‘ड्रॅम शॉप’ कायदेच म्हणतात.

३. मारामारी नाही, कुणाला ओरखडा नाही. मग हे फौजदारी कसं झालं?

कारण तेरा दिवसांपूर्वी, १४ जुलै १७९८ रोजी, ऍडम्स यांनी राजद्रोह कायद्यावर सही केली होती. केंद्र सरकार, काँग्रेसचं (म्हणजे अमेरिकी संसदेचं) कोणतंही सभागृह किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटा, बदनामीकारक आणि दुष्ट हेतूचा मजकूर लिहिणं, छापणं, प्रसृत करणं हा त्याने गुन्हा ठरवला. शिक्षा २००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

कलम वाचताना एक गाळलेली जागा दिसते. संरक्षणाच्या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नाही. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते थॉमस जेफरसन, म्हणजे विरोधी पक्षाचे नेते. त्यांच्याविरुद्ध काहीही बोलायला लोकांना मोकळीक होती. शिवाय कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ ला संपणार होती, ऍडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी. विद्यार्थ्यांना या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहून दाखवल्या की कायदा कुणासाठी होता हे वेगळं सांगावं लागत नाही.

४. असा कायदा आणायची गरज का वाटली?

फ्रान्सशी युद्धाची भीती. फ्रेंच अधिकाऱ्यांनी अमेरिकी राजदूतांकडे लाच मागितल्याचं प्रकरण १७९८ च्या वसंतात उघड झालं आणि देश पेटला. समुद्रावर अघोषित लढाई सुरू झाली. सत्तेतल्या फेडरलिस्ट पक्षाला जेफरसनचे रिपब्लिकन लोक (आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे) फ्रेंचांचे हस्तक वाटू लागले. त्याच उन्हाळ्यात परकीयांविरुद्धचे तीन कायदे झाले आणि चौथा हा. प्रतिनिधिगृहात तो ४४ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला, फक्त तीन मतांनी.

भीती खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं. पण फ्रेंच आरमाराच्या भीतीतून जन्मलेला कायदा पहिल्या काही महिन्यांतच न्यूअर्कच्या गुत्त्यात पोचला, हेही तितकंच खरं.

५. तक्रार केली कुणी? राष्ट्राध्यक्षांच्या कानावर ते शब्द गेले होते का?

राष्ट्राध्यक्ष थांबलेच नाहीत, ते पुढे निघून गेले होते. ऐकलं ते दुकानातल्या माणसांनी, आणि पहिला ‘राजद्रोह’ म्हणाला तो घोट विकणारा दुकानदार.

रिपब्लिकन वर्तमानपत्रांनी पुढचं वर्णन असं दिलं, की राष्ट्राध्यक्ष थांबतील आणि आपल्याला त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायचा मान मिळेल अशी आशा धरून बसलेले फेडरलिस्ट खट्टू झाले होते आणि तो राग त्यांनी बिचाऱ्या ल्यूथरवर काढला. ही विरोधी पक्षाची वर्तमानपत्रं होती, तेव्हा मीठमसाला गृहीत धरून वाचा. पण मूळ चित्र पटण्यासारखं आहे. असा कायदा राबवायला सरकारला गुप्तहेर नेमावे लागत नाहीत. शेजारच्या बाकावरचा माणूस ते काम करतो. वर्गात मला याच उत्तराला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येकाला आपापली गल्ली, आपापला व्हॉट्सॲप ग्रुप आठवतो.

६. हा राजद्रोह की देशद्रोह? दोन्ही एकच ना?

नाही. देशद्रोहाची व्याख्या अमेरिकेच्या घटनेतच आहे आणि मुद्दाम अरुंद ठेवली आहे. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला साथ देणं, तेही एकाच कृत्याच्या दोन साक्षीदारांनी किंवा उघड कोर्टात दिलेल्या कबुलीने सिद्ध झालं तर. राजद्रोह हा मुख्यतः शब्दांचा गुन्हा. बाल्डविनवर देशद्रोहाचा आरोप कधीच नव्हता. मराठी बातम्यांत हे दोन शब्द सर्रास अदलाबदल करून वापरले जातात. त्याने फाशीच्या गुन्ह्यात आणि तोंडातून निसटलेल्या वाक्यात फरक उरत नाही.

७. ‘पिऊन होतो, काय बोललो कळलं नाही’ हा बचाव चालत नव्हता का?

नव्हता. इंग्लंडहून आलेल्या कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यात, स्वतःहून प्यायलेल्या माणसाला नशेची सूट नव्हती. इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनच्या टीकाग्रंथांचा चौथा खंड १७६९ चा. अमेरिकेतला प्रत्येक वकील तो वाचून तयार व्हायचा. त्यात तर नशा ही सबब नसून गुन्हा वाढवणारी गोष्ट आहे असंच म्हटलं आहे.

आपल्याकडे आजही पाया तोच आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं २३ आणि २४ पाहा, पूर्वी ही दंड संहितेत ८५ आणि ८६ होती. कुणी नकळत किंवा बळजबरीने पाजली असेल, तर गोष्ट वेगळी.

मला मात्र इथे खरा प्रश्न वेगळाच वाटतो. चाकू मारणाऱ्याची नशा विचारात घ्यायची नाही, हे समजतं. जखम झालेली असते. पण ‘दुष्ट हेतू’ हाच ज्या गुन्ह्याचा गाभा आहे, तिथे झोकांडी खाणाऱ्या माणसाचा हेतू मोजायचा कसा?

८. त्या कायद्यात ‘खरं बोलणं’ हा बचाव होता म्हणतात. मग बाल्डविन सुटला का नाही?

बचाव होता. आरोपीने आपलं म्हणणं खरं असल्याचं सिद्ध केलं तर सुटका, आणि कायदा व तथ्य दोन्ही ठरवायचा हक्क ज्यूरीला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यापेक्षा हे पुढचं पाऊल होतं. तिथे बदनामी खरी असली तरी शिक्षा व्हायची. फेडरलिस्ट याचा अभिमानाने दाखला देत.

आता हा बचाव बाल्डविनच्या वाक्याला लावून पाहा. ‘तोफा आरपार गेल्या तरी मला काय’ हे वाक्य खरं कसं सिद्ध करणार? साक्षीदार कुठला आणायचा? ते विधान नव्हतंच, तो वैताग होता. कायदा चर्चेत असतानाच काँग्रेसमध्ये रिपब्लिकन सदस्य आल्बर्ट गॅलटिन यांनी हे बोलून दाखवलं होतं, की वस्तुस्थिती पुराव्याने सिद्ध करता येते, मताची सत्यता कशी सिद्ध करायची? संपादकांच्या खटल्यांतही हाच पेच आला. गुत्त्यातल्या खटल्यात तो उघडानागडा दिसतो.

९. कायदा लेखनाविरुद्ध होता. तोंडी बोललेल्याला तो लावलाच कसा?

हा प्रश्न वकिली करणारे वाचक विचारतात, आणि तो अगदी बरोबर आहे. दुसऱ्या कलमात ‘लिहिणं, छापणं, उच्चारणं किंवा प्रसिद्ध करणं’ अशी क्रियापदं आहेत, पण त्यांचं कर्म एकच आहे, ‘लेखन’. काटेकोर वाचलं तर कागदच नसताना गुन्हा उभा राहत नाही. ‘उच्चारणं’ (मूळ इंग्रजी शब्द ‘अटर’) याचा कायद्याच्या भाषेतला जुना अर्थही प्रसृत करणं, चलनात आणणं असा आहे. खोटं नाणं ‘उच्चारलं’ जातं, ते याच अर्थाने.

तेव्हाच्या न्यायाधीशांना ही अडचण फार बोचली नसावी, याला एक कारण आहे. कायदा नसता तरी कॉमन लॉखाली राजद्रोही शब्दांचा खटला केंद्रीय कोर्टात चालतो, असं त्यांच्यातले बरेच जण मानत. तो समज सर्वोच्च न्यायालयाने १८१२ मध्ये, हडसन आणि गुडविन यांच्या खटल्यात, कायमचा मोडला. काँग्रेसने कायदा करून गुन्हा ठरवला नसेल, तर केंद्रीय कोर्ट तो गुन्हा मानू शकत नाही. बाल्डविनच्या दृष्टीने हा निकाल तेरा वर्षं उशिरा आला.

१०. पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची. ती असताना हे घडलं कसं?

‘भाषण आणि मुद्रण यांच्या स्वातंत्र्याला बाधा आणणारा कायदा काँग्रेस करणार नाही’ हे शब्द कागदावर होते, पण त्यांचा अर्थ अजून ठरायचा होता. फेडरलिस्टांचा अर्थ ब्लॅकस्टोनचा होता. स्वातंत्र्य म्हणजे छापण्याआधी परवानगी लागणार नाही. छापल्यावर शिक्षा होऊ शकते. रिपब्लिकन म्हणत, राज्यकर्ते लोकांनी निवडायचे असतील तर त्यांच्याबद्दल बोलल्याची शिक्षा असूच शकत नाही. व्हर्जिनिया आणि केंटकी राज्यांच्या विधिमंडळांनी १७९८ मध्येच विरोधाचे ठराव केले. आज आपण ज्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणतो, त्याचा दुसरा, रुंद अर्थ याच भांडणात घडला.

११. शिक्षा किती झाली? आणि ती रक्कम म्हणजे किती?

ऑक्टोबर १७९९ मध्ये, सर्किट कोर्टात. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती घोड्यावर किंवा बग्गीतून राज्याराज्यांत फिरून ही कोर्टं भरवत. इथे बसले होते न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पुतणे. बाल्डविनला १५० डॉलर दंड, क्लार्कला ५०. वर कोर्टाचा खर्च, आणि पैसे भरेपर्यंत तुरुंगात राहायचं. याच राज्यात लेस्पेनार्ड कोली या आणखी एकाला ४० डॉलर दंड झाला.

त्या काळी अंगमेहनतीच्या दिवसाला डॉलरभर मिळाले तर मजूर खूश असे. म्हणजे एका वाक्याची किंमत निम्म्या वर्षाची कमाई. ‘फक्त दंडच तर झाला’ असं कुणी म्हटलं की मी हा हिशेब फळ्यावर मांडते.

१२. या कायद्याखाली सापडलेली सगळी अशीच साधी माणसं होती का?

नाही. बहुतेक रोख विरोधी संपादकांवर होता. पण मोठ्यांत पहिला सापडला तो काँग्रेसचा सदस्य, व्हर्मांटचा मॅथ्यू लायन. त्याला चार महिने कैद आणि १००० डॉलर दंड झाला, आणि मतदारांनी तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिलं.

बाल्डविनच्या सर्वांत जवळचा वाटतो तो डेव्हिड ब्राउन. गावोगाव फिरून बोलणारा, जुना सैनिक. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडम गावात १७९८ च्या शरदात ‘स्वातंत्र्याचा खांब’, म्हणजे निषेधाचं प्रतीक, उभारला गेला आणि त्यावर सरकारविरोधी फलक लागला. त्यामागचा माणूस म्हणून ब्राउन पकडला गेला. अठरा महिने कैद आणि ४८० डॉलर दंड, या कायद्याखालची सर्वांत कडक शिक्षा. त्याच खांबाच्या प्रकरणात गावातला प्रतिष्ठित जमीनदार बेंजामिन फेअरबँक्सही होता. त्याने माफी मागितली. शिक्षा सहा तास कैद आणि पाच डॉलर. खांब एकच. ब्राउनकडे दंडाचे पैसे नव्हते, म्हणून मुदत संपल्यावरही तो आतच राहिला.

१३. मग १८०० च्या निवडणुकीत ऍडम्स याच खटल्यामुळे हरले का?

ही दंतकथा गोड आहे, पण तिला आकडे साथ देत नाहीत. बाल्डविनची गोष्ट रिपब्लिकन वर्तमानपत्रांनी देशभर फिरवली हे खरं, आणि राजद्रोह कायद्याबद्दलचा रोष निवडणुकीत होता हेही खरं. पण खुद्द न्यू जर्सीची सातही निर्वाचक मतं (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची मतं) ऍडम्स यांनाच मिळाली. एकूण मतं जेफरसन आणि त्यांचे जोडीदार उमेदवार ऍरन बर यांना प्रत्येकी ७३, ऍडम्स यांना ६५. पारडं फिरवलं ते मुख्यतः न्यूयॉर्क राज्याने.

१४. टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आणि हा, एकाच कायद्याची दोन रूपं का?

मूळ एक, फांद्या वेगळ्या. दोन्ही इंग्लंडच्या राजद्रोह-कल्पनेतून आलेत. पण अमेरिकेचा कायदा मुदतीचा होता, कमाल शिक्षा दोन वर्षं होती आणि सत्याचा बचाव होता. आपल्याकडे १८७० मध्ये दंड संहितेत आलेल्या राजद्रोहाच्या कलमाला, १२४अ ला, मुदत नव्हती, कमाल शिक्षा जन्मठेपेची काळ्या पाण्याची होती आणि सत्याच्या बचावाला जागा नव्हती. गुन्ह्याचा कणा होता ‘अप्रीती’. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्याचा अर्थ प्रीतीचा अभाव, असा लावला. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. टिळकांना तेव्हा अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी विभागली आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली, ती मंडालेला भोगावी लागली.

शब्दांच्या बाबतीत दोन्ही खटले एका जागी येतात. टिळकांनी कोर्टात ‘केसरी’च्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरांवर आक्षेप घेतला होता. मराठीत जे म्हटलंच नाही ते भाषांतरात आलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. बाल्डविनचं वाक्यही गुत्त्याच्या बोलीतून कोर्टाच्या भाषेत गेलं आणि ‘राष्ट्राध्यक्ष व सरकारची बदनामी’ बनलं. १२४अ आता नाही. नव्या संहितेत तिच्या जागी कलम १५२ आहे, शब्द बदललेले आहेत, आणि त्यावरची चर्चा चालूच आहे.

१५. आज अमेरिकेत कुणी हेच बोललं तर?

राष्ट्राध्यक्षांना जिवे मारण्याची धमकी देणं १९१७ पासून केंद्रीय गुन्हा आहे, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. उत्तर १९६९ च्या वॉट्स निकालात मिळतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अठरा वर्षांचा एक मुलगा १९६६ च्या एका सभेत म्हणाला, की मला बंदूक हाती घ्यायला लावलीत तर पहिला नेम राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर धरीन. ऐकणारे हसले. त्याला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ही खरी धमकी नाही, राजकीय अतिशयोक्ती आहे, आणि ऐकणारे हसले होते हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. बाल्डविन तर ‘मी डागीन’ असंही म्हणाला नव्हता.

न्यू जर्सीतले मराठी वाचक पुढे हमखास विचारतात, की व्हिसावर असलेल्यांचं काय? फौजदारी कायदा आणि इमिग्रेशनचे नियम ही दोन वेगळी दारं आहेत. पहिल्यातून सुटलेला माणूस दुसऱ्यात अडकू शकतो. त्यासाठी तिथल्या वकिलालाच विचारावं.

१६. तो कायदा कधी घटनाबाह्य ठरला का? दंड परत मिळाले का?

सर्वोच्च न्यायालयापुढे तो कधी पोचलाच नाही. ३ मार्च १८०१ ला मुदत संपली आणि तो मेला. जेफरसन यांनी सत्तेवर आल्यावर ब्राउनसह या कायद्याखाली शिक्षा भोगणाऱ्यांना माफी दिली. लायनचा दंड काँग्रेसने १८४० मध्ये व्याजासह परत केला, पण तो १८२२ मध्येच वारला होता, पैसे वारसांना मिळाले. तेही वर्षानुवर्षं अर्ज केल्यावर.

न्यायालयाचा शब्द आला तो १९६४ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या निकालात. राजद्रोह कायदा आपल्यापुढे कधी तपासला गेला नसला, तरी इतिहासाच्या न्यायालयात तो हरला आहे, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. माफी आणि परत केलेले दंड यांचा उल्लेख त्यात आहे. बाल्डविनचा दंड होऊन तेव्हा १६५ वर्षं झाली होती.